जिवंत हृदयाचे चित्र : हृदयस्नायूचे आजार आणि एमआरआय

आमच्या साताऱ्याच्या घरात, देवघराशेजारच्या भिंतीवर, धाकट्या काकांचा फोटो होता. १९५९ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, अजिंक्यताऱ्याची चढण चढताना ते कोसळले आणि पुन्हा उठले नाहीत. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. "हार्टफेल झालं," असे गावातल्या डॉक्टरांनी सांगितले. पुढे काळाबरोबर शब्द बदलला आणि तेच मरण घरात 'हार्ट अटॅक' या नावाने सांगितले जाऊ लागले. "धावला की त्याला कधी कधी घेरी यायची," असे आजी म्हणत असे. त्या वाक्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

हे आठवण्याचे कारण असे, की दोन वर्षांपूर्वी माझ्या आत्येचा नातू, इथेच अमेरिकेत जन्मलेला आणि कॉलेजच्या संघातून धावणारा मुलगा, सरावाच्या वेळी चक्कर येऊन पडला. सुदैवाने लगेच शुद्धीवर आला. डॉक्टरांनी विचारले, घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे का? त्याच्या आईने सांगितले, "एक मामा हार्ट अटॅकने गेले होते, पण फार जुनी गोष्ट आहे." सोनोग्राफीसारखा जो इको करतात त्यात हृदयाची एक भिंत जराशी जाड वाटली, पण खेळाडूंचे हृदय तसेही थोडे जाड असते. म्हणून हृदयाचा एमआरआय झाला, आणि त्यात हा आजार हृदयाच्या स्नायूचाच असल्याचे दिसले.

मी रसायनशास्त्राचा माणूस. नावामागे डॉक्टर लागते ते औषधे देणारे नव्हे. पण ज्या तत्त्वावर एमआरआय चालतो त्याच तत्त्वावरच्या यंत्रात काचेच्या बारीक नळ्या ठेवून रेणूंची रचना शोधण्यात माझी नोकरी गेली. त्या नळीपासून या मुलाच्या हृदयापर्यंतचा प्रवास कसा झाला, आणि आपल्या घराघरांशी त्याचा काय संबंध आहे, ते सांगण्यासाठी हा लेख.

नळ आणि पंप

हार्ट अटॅक म्हणजे मुख्यतः हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळाचा आजार. रोहिणी तुंबते, तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू उपाशी राहून मरतो. पण कधी कधी नळ स्वच्छ असतात आणि पंपाचा स्नायूच मुळात बिघडलेला असतो. तो अवाजवी जाड होतो, किंवा ताणून पातळ आणि ढिला होतो, किंवा ताठर होऊन नीट फुगत नाही. या आजारांना कार्डिओमायोपथी म्हणतात. लंडनचे डॉक्टर वॉलेस ब्रिग्डन यांनी हा शब्द १९५७ साली रूढ केला. पुढच्याच वर्षी, म्हणजे आमचे काका जाण्याच्या आदल्या वर्षी, लंडनच्याच सेंट जॉर्ज हॉस्पिटलमधले विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टिअर यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अचानक मृत्यू आलेल्या काही तरुण माणसांच्या हृदयांत त्यांना विचित्र गोष्ट दिसली होती. खालच्या दोन कप्प्यांमधली भिंत बेढब जाड झाली होती आणि तिच्यातले स्नायूतंतू सरळ रांगेत न राहता अस्ताव्यस्त विस्कटले होते. आज ज्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात, त्याचे आधुनिक वर्णन इथून सुरू होते. लंडनच्याच हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या जॉन गुडविन यांनी नंतर जाड, ढिले आणि ताठर असे तीन मुख्य प्रकार मांडले.

टिअर यांना जे दिसले ते शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसले, हे इथे लक्षात ठेवावे. रोगाचे नाव कळले तेव्हा रोगी गेलेला होता. जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा सुईने काढून तपासता येतो, पण तो धोक्याचा मार्ग. शिवाय सुई जिथे लागेल तिथेच रोग असेल याची खात्री नाही. इको आला आणि मोठी सोय झाली. भिंत किती जाड, पंप किती जोरात चालतो, झडप गळते का, हे बाहेरून दिसू लागले. पण भिंतीची जाडी दिसणे वेगळे आणि भिंत आतून कशाची बनली आहे हे दिसणे वेगळे. त्यासाठी आणखी एका वाटेने यावे लागले, आणि ती वाट वैद्यकातून नव्हे, भौतिकशास्त्रातून आली.

पाण्याचे भोवरे

१९४६ साली स्टॅनफर्डमध्ये फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे एकच शोध लावला. पाण्यातल्या हायड्रोजन अणूचे केंद्र एखाद्या इवल्या चुंबकासारखे वागते. त्याला मोठ्या चुंबकात ठेवले की ते कलत्या भोवऱ्यासारखे घुमू लागते. नेमक्या त्याच गतीच्या रेडिओलहरी सोडल्या तर ते ऊर्जा शोषून घेते आणि लहरी थांबवल्यावर परत देते. याला न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, थोडक्यात एनएमआर, मराठीत अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. दोघांना १९५२ सालचे नोबेल मिळाले.

या कथेत आपल्याकडची माणसेही सुरुवातीपासून आहेत. १९५१ साली स्टॅनफर्डमधून आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकर्ड या तिघांचा निबंध आला. साध्या अल्कोहोलच्या रेणूतले हायड्रोजन एकाच सुरात बोलत नाहीत, त्यांचे तीन वेगवेगळे सूर ऐकू येतात, असे त्यांनी दाखवले. अणू ज्या शेजारात राहतो त्याप्रमाणे त्याचा आवाज बदलतो, हा तो धडा. यावर आम्हा रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्या जगल्या. यातले धर्मट्टी म्हणजे एस. एस. धर्मट्टी. त्यांनी पुढे मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये एनएमआरचा गट उभा केला. त्याच १९५१ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवाचा एनएमआर संकेत स्थिर द्रवापेक्षा वेगळा येतो हे मोजले. आज एमआरआयमध्ये वाहत्या रक्ताचा वेग मोजतात, त्या विचाराची ही फार आधीची पायरी.

पण नळीतल्या द्रवाचा आवाज ऐकणे आणि शरीराचे चित्र काढणे यांत दोन दशकांचे अंतर पडले. १९७१ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर रेमंड डमाडियन यांनी दाखवले की उंदरांमधल्या कर्करोगाच्या गाठींतील भोवरे निरोगी ऊतींपेक्षा वेगळ्या वेळात शांत होतात. ऊतीचा प्रकार असा ओळखता येईल, पण आवाज येतो कुठून, हे कसे कळायचे? स्टोनी ब्रुकचे रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी उत्तर शोधले. चुंबकाचे क्षेत्र एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हळूहळू वाढते ठेवायचे, म्हणजे प्रत्येक जागेचा सूर निराळा होतो आणि सुरावरून जागा कळते. त्यांचे पहिले चित्र पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे होते. 'नेचर'ने हा निबंध आधी नाकारला आणि नंतर १९७३ साली छापला. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला पीटर मॅन्सफील्ड यांनी चित्र वेगाने काढण्याचे गणित बसवले. २००३ चे नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळाले. डमाडियन यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन आपल्यावर अन्याय झाल्याचे सांगितले, आणि तो वाद आजही पुरता मिटलेला नाही.

पुढे रुग्णांना 'न्यूक्लिअर' या शब्दाची भीती वाटू नये म्हणून तो गळला आणि एमआरआय हे नाव राहिले. वास्तविक या तपासणीत किरणोत्सर्ग अजिबात नाही.

धडधडणारे हृदय स्थिर कसे करायचे?

३ जुलै १९७७ रोजी डमाडियन यांच्या ब्रुकलिनमधल्या यंत्रात माणसाच्या शरीराचे पहिले एमआरआय चित्र निघाले. ते छातीचेच होते. एका आडव्या छेदाला पावणेपाच तास लागले. म्हणजे त्या माणसाचे हृदय तेवढ्या वेळात काही हजार वेळा धडधडले असणार. हलत्या झाडाचा फोटो धूसर येतो तसेच हे. मेंदू कवटीत निश्चल बसतो, त्यामुळे मेंदूचे चित्र लवकर साधले. हृदय ऐकत नव्हते.

युक्ती सापडली ती इसीजीची. प्रत्येक ठोक्याच्या आरंभी इसीजीत एक टोकदार रेघ उमटते. यंत्राने त्या रेघेची वाट पाहायची आणि ठोक्याच्या नेमक्या त्याच क्षणी चित्राचा थोडासा भाग टिपायचा. पुढच्या ठोक्याला पुढचा भाग. असे अनेक ठोक्यांतून एक स्थिर चित्र जोडायचे. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स हिगिन्स यांच्यासारख्या मंडळींनी हे तंत्र रुग्णांपर्यंत आणले. ठोक्याचे वेगवेगळे क्षण जोडून हृदयाचा चलचित्रपटही तयार होऊ लागला. श्वासामुळे छाती हलते ही अडचण उरली होती. १९९१ मध्ये एका श्वासाच्या रोखात पूर्ण चलचित्र टिपण्याची रीत आली. आजही तपासणीत "श्वास घ्या, सोडा, थांबा" असे पुन्हा पुन्हा सांगतात, ते याचसाठी.

एवढे झाल्यावर हृदयाचा आकार, भिंतीची जाडी आणि पंपाची ताकद इकोपेक्षा जास्त नेमकेपणाने मोजता येऊ लागली. विशेषतः हृदयाच्या टोकाची जाडी इकोमध्ये निसटू शकते, ती इथे दिसते. पण टिअर यांना जे कापून दिसले ते अजून दिसत नव्हते.

वण दिसू लागला

ते दाखवले गॅडोलिनियम नावाच्या धातूने. हा धातू एका रेणूच्या पिंजऱ्यात बंद करून शिरेतून देतात. तो जिवंत, धड पेशीच्या आत शिरत नाही, पेशींच्या मधल्या जागेत फिरतो. जिथे स्नायूपेशी मेल्या आणि त्यांच्या जागी वण तयार झाला, तिथे मोकळी जागा जास्त, म्हणून तिथे गॅडोलिनियम साठते आणि उशिरा निघून जाते. इंजेक्शननंतर दहापंधरा मिनिटांनी चित्र घेतले की निरोगी स्नायू काळा आणि वण पांढरा दिसतो. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रेमंड किम, रॉबर्ट जड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र पक्के केले. २००० साली त्यांनी दाखवले की हृदयाचा जो भाग नीट हलत नाही तो मेलेला आहे की नुसता सुस्तावला आहे, हे यावरून आधीच सांगता येते. शस्त्रक्रियेचा उपयोग होईल की नाही, याचा अंदाज त्यामुळे मिळू लागला.

वणापेक्षाही वण कुठे आहे हे अधिक बोलके ठरले. हृदयाच्या रोहिण्या बाहेरच्या पृष्ठभागावरून धावतात आणि तिथून आत शाखा सोडतात. भिंतीचा सर्वांत आतला थर म्हणजे नगरपालिकेच्या पाइपलाइनवरचे शेवटचे घर. दाब कमी झाला की पाणी आधी त्या घरचे जाते. म्हणून रोहिणी तुंबून झालेला वण नेहमी आतल्या थरापासून सुरू होतो. स्नायूच्या स्वतःच्या आजारात हा नियम लागू नाही. ढिल्या हृदयात वणाची रेघ बऱ्याचदा भिंतीच्या मधोमध असते. जाड हृदयात ठिपके जाड भागात किंवा दोन कप्पे जुळतात त्या सांध्यांवर दिसतात. अमायलॉइड नावाचे प्रथिन साठून हृदय ताठर झाले असेल तर रंगाचे रूप पुन्हा निराळे.

लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलच्या चमूने २००३ मध्ये याची परीक्षा घेतली. हृदय ढिले पडलेल्या, पण अँजिओग्राफीत रोहिण्या स्वच्छ दिसलेल्या ६३ रुग्णांपैकी ५९ टक्क्यांच्या हृदयात वण नव्हता आणि २८ टक्क्यांत तो भिंतीच्या मधोमध होता. उरलेल्या १३ टक्क्यांचा वण मात्र हुबेहूब हार्ट अटॅकसारखा, आतल्या थरापासूनचा होता. म्हणजे नळ आज स्वच्छ दिसत असले तरी पूर्वी कधीतरी तिथे अडथळा येऊन गेला असावा, आणि त्यांच्यावर लागलेला स्नायूरोगाचा शिक्का बहुधा चुकीचा होता. शिक्का दोन्ही बाजूंनी चुकतो, हे आपणही ध्यानात घ्यावे.

त्याच रुग्णालयातून २०१३ साली आणखी मोठा अभ्यास आला. ढिल्या हृदयाच्या ४७२ रुग्णांचा सुमारे पाच वर्षे पाठपुरावा केला गेला. मधोमध वण असलेल्यांपैकी जवळजवळ २७ टक्के त्या काळात दगावले, वण नसलेल्यांपैकी ११ टक्क्यांहून कमी. चित्रावरून आता रोगाचे नावच नव्हे, पुढचा धोकाही थोडाफार कळू लागला होता.

याच संस्थेची एक गोष्ट भारतीय उपखंडातल्या कुटुंबांना विशेष जवळची आहे. थॅलॅसिमिया असलेल्या मुलांना आयुष्यभर रक्त द्यावे लागते. त्या रक्तातले लोह हृदयाच्या स्नायूत साठते आणि तरुणपणीच हृदय बंद पडते. रक्तातल्या लोहाचे आकडे किंवा यकृताची तपासणी यांवरून हृदयातल्या लोहाचा भरवसा देता येत नव्हता. लोह चुंबकाला बिघडवते, संकेत झपाट्याने विझतो. तो किती मिलिसेकंदांत विझतो यावरून लोह मोजता येते, हे २००१ मध्ये लिसा अँडरसन, डडली पेनेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले. वीस मिलिसेकंदांच्या खाली गेले की सावध व्हायचे. ही मोजणी आणि लोह काढून टाकणारी सुधारलेली औषधे यांमुळे ब्रिटनमध्ये अशा रुग्णांचे मृत्यू स्पष्टपणे घटले.

आपल्या रक्तातली गोष्ट

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी सुमारे पाचशे माणसांत एकाला असते, आणि ती बहुधा आईवडिलांकडून येते. १९९० मध्ये बोस्टनच्या क्रिस्टीन आणि जोनाथन साइडमन यांच्या गटाने तिचे पहिले जनुक ओळखले. ज्याच्यात असा दोष आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

२००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातला २५ अक्षरांचा एक तुकडा दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत गळलेला आहे, आणि हृदयस्नायूच्या आजारांशी त्याचा संबंध आहे. तेव्हा बरीच घबराट झाली. २०१८ आणि २०२० मधल्या अभ्यासांनी चित्र जरा बदलले. नुसता तो तुकडा गळणे फारसे घातक नसावे. ज्या थोड्या लोकांत त्याच्या जोडीला त्याच जनुकात आणखी विशिष्ट बदल असतात, धोका मुख्यतः त्यांना आहे, असे त्यांतून पुढे आले. म्हणून कोणी घाईने जनुक तपासून घाबरून जाऊ नये. पण हा आजार 'आपल्याकडे नसतो' असे समजण्यातही अर्थ नाही.

एमआरआयलाही मर्यादा आहेत. मूत्रपिंडे फार अशक्त असलेल्यांना जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियममुळे त्वचा घट्ट होण्याचा गंभीर विकार होतो, हे २००६ मध्ये उघड झाले. तेव्हापासून आधी मूत्रपिंडांची चौकशी करतात. काही पेसमेकर आणि धातूचे भाग चालत नाहीत. पांढरे दिसले म्हणजे नेहमी वणच असे नाही, सूजही तशी दिसते. जनुकात दोष असलेल्या तरुणाचे हृदय आज अगदी व्यवस्थित दिसून दहा वर्षांनी जाड होऊ शकते. त्यामुळे एकदा तपासून मोकळे झालो, असे होत नाही.

भाऊबीजेचे काम

आत्येच्या नातवाच्या चित्रात दोन कप्प्यांमधली भिंत पुढच्या बाजूने जाड होती आणि सांध्यावर दोन लहान पांढरे ठिपके होते. त्याने स्पर्धेत धावणे सोडले. सुरुवातीला फार रागावला होता, आता फोटोग्राफी करतो. छातीत शॉक देणारे उपकरण बसवायचे का, याचा निर्णय एका चित्रावर होत नाही, आणि त्याच्या डॉक्टरांनी तूर्त नियमित तपासणीवर भागवले आहे. त्याच्या धाकट्या बहिणीची तपासणी झाली. मग त्याच्या आईची झाली आणि तिची भिंतही थोडी जाड निघाली. तिला आयुष्यात कधी काही जाणवले नव्हते. पुढे आम्ही चुलत, आते, मामे भावंडांनी साताऱ्यापासून न्यू जर्सीपर्यंत आपापले इको करून घेतले. माझा व्यवस्थित आला.

काकांना हाच आजार होता का? ते आता कळणार नाही. शवविच्छेदन झाले नव्हते आणि त्या वेळी साताऱ्यात हे नाव कोणाला माहीत असण्याची शक्यताही नव्हती. पण आजीचे ते वाक्य, "धावला की घेरी यायची," योग्य डॉक्टरांच्या कानावर पडले असते, तर आत्येच्या घरी चौकशी साठ वर्षे आधी सुरू झाली असती. 'हार्ट अटॅक' या एका शब्दाखाली आपण किती वेगवेगळी मरणे गोळा करून ठेवली आहेत, याची मला तेव्हा जाणीव झाली.

अमेरिकेत २००४ पासून सर्जन जनरलच्या पुढाकाराने थँक्सगिव्हिंगचा दिवस कुटुंबाचा आरोग्य-इतिहास लिहिण्याचा दिवस म्हणून पाळतात. आपल्याला त्याहून सोयीचा दिवस आहे. भाऊबीजेला बहीणभाऊ एकत्र येतात किंवा निदान फोनवर बोलतात, आणि या आजारात डॉक्टर सर्वांत आधी भावंडांची आणि मुलांचीच चौकशी करतात. त्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एक कागद करावा. चाळिशीच्या आत कोण गेले, कसे गेले, त्याआधी धावताना किंवा जिना चढताना चक्कर यायची का, कोणाला पेसमेकर होता, झोपेत कोण गेले, हे सगळे त्यात लिहावे. 'हार्ट अटॅक' असे उत्तर आले तर "तेव्हा वय काय होते?" हेही विचारावे. इथे वाढलेल्या मुलांना मराठीतली नाती सांगताना दमायला होते, तरी 'मामा' म्हणजे आईचा भाऊ, एवढे त्या कागदावर स्पष्ट असू द्यावे, कारण डॉक्टरांना तेच हवे असते.

आमचा कागद मी गेल्या दिवाळीत केला. त्यात पहिले नाव धाकट्या काकांचे आहे. आजीचे वाक्यही त्यांच्या नावापुढे लिहून ठेवले आहे.